शिकवणी कोणाला लावायची?

सकाळी साडेसहाला खाली पार्किंगमध्ये एका ठरावीक मोटारसायकलचा आवाज आला की आमची चिंगी उठून पलंगाखाली जायची. पहिले काही दिवस मला वाटलं, हिची झोप पुरी होत नाही. मग एकदा पलंग सरकवून फरशी पुसताना भिंतीच्या कोपऱ्यात पिवळट डाग दिसले. जुने वाळलेले, त्यावर पुन्हा ताजे. सव्वा वर्षाची कुत्री. चार महिन्यांची झाल्यापासून तिनं घरात एक थेंब सांडला नव्हता. आणि ती मोटारसायकल तिच्या ट्रेनरची होती.

हा ट्रेनर आम्हीच लावला होता, मुलांना शिकवणी लावतात तसा. आठवड्यातून तीन दिवस, महिन्याचे आठ हजार रुपये. नंबर सोसायटीतल्याच दोघांनी दिला होता. चिंगीबद्दलच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. बेल वाजली की ती दारावर धावून जायची, पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांच्या पॅंटला तोंड घालायची. फिरायला नेलं तर पट्ट्याला असा हिसका द्यायची की माझा खांदा दिवसभर ठणकायचा. कमिटीचं पत्र आलं होतं. मी साठी ओलांडलेली, मुलगा आणि सून दिवसभर कामावर. कोणीतरी जाणकार माणूस हवा, हे आमचं म्हणणं आजही मला चुकीचं वाटत नाही.

"मॅडम, तुम्ही खाली थांबू नका," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "मालक दिसला की कुत्रं लाडात येतं. माझ्याकडे एकटं द्या. महिन्याभरात गप्प करतो."

त्यानं शब्द पाळला. महिन्याभरात चिंगी गप्प झाली. बेल वाजली तरी उठेना. फिरताना पायाला चिकटून, मान खाली घालून चालायला लागली. लिफ्टमध्ये भेटणारे लोक म्हणाले, "वा, केवढा फरक पडला!" मीही दोघांना त्याचा नंबर दिला.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. गप्प बसलेला वर्ग म्हणजे शिकलेला वर्ग नव्हे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. गणिताच्या तासाला ज्या पोराचं रोज पोट दुखतं, त्याचं पोट खरंच दुखत असतं, हेही मी नव्या शिक्षकांना सांगत आले. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही हातात लाकडी पट्टी असायची. ती उगारली की चाळीस मुलं एका क्षणात चिडीचूप व्हायची, आणि त्या शांततेत मला माझं कौतुक ऐकू यायचं. पट्टी खाली ठेवायला मला सहा वर्षं लागली. इतकं सगळं पाठीशी असून माझ्याच पलंगाखाली काय चाललं आहे ते मला ओळखता आलं नाही. मला शांतता हवी होती आणि ती मिळत होती. त्यापुढे मी पाहिलंच नाही.

दिवाळीत भाची आली. तिचा सहा वर्षांचा मुलगा चिंगी जेवत असताना मागून जाऊन तिच्या गळ्यात पडला. पूर्वीची चिंगी गुरगुरली असती, आणि पोर घाबरून बाजूला झालं असतं. या वेळी ती गुरगुरली नाही. मान वळवली आणि थेट चावली. तळहातात दोन दात खोल गेले. दवाखाना, जखम धुणं, इंजेक्शनांच्या तारखा, भाचीचं रडणं. घरात बसलेल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "काही कारण नसताना चावली."

दुसऱ्या दिवशी आमच्या वॉचमननं मला बाजूला बोलावलं. "मॅडम, तो ट्रेनर, ती गुरगुरली की पट्टा वर खेचून तिला मागच्या दोन पायांवर टांगायचा. जीभ बाहेर येईपर्यंत. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. पैसे तुम्हीच देता ना."

हे शेवटचं वाक्य त्यानं मला टोचायला म्हटलं नव्हतं. तो सरळ हिशेब सांगत होता. जो पैसे देतो, त्याच्या सांगण्यावरून काम होतं. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हा लेख लिहायचं कारणही तेच.

गुरगुरणं हा कुत्र्याचा सभ्यपणा आहे. चावण्याआधी तो आपल्याला किती वेळा सांगतो, ते पाहणाऱ्याला दिसतं. आधी तोंड फिरवतो. मग ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. अंग ताठ होतं. यातलं काहीच आपल्या ध्यानात आलं नाही तर तो गुरगुरतो, कारण माणसाला कळेल अशी तेवढी एकच भाषा त्याच्याजवळ उरलेली असते. त्या गुरगुरण्याला जो मारतो, तो कुत्र्याच्या मनातली भीती काढत नाही, तिचा आवाज तेवढा काढतो. चिंगीला जेवताना मागून धरलेलं आधीही आवडत नव्हतं, नंतरही आवडत नव्हतं. फक्त ते सांगितलं की गळा आवळतो, हे ती शिकली होती.

ती शिकली होती, हे मी मुद्दाम म्हणते. पचनसंस्थेवरच्या कामासाठी १९०४ चं नोबेल मिळालेले रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांचे कुत्रे आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात. ठोका पडला की अन्न मिळतं हे कळल्यावर नुसत्या ठोक्यानं त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. परीक्षेपुरतं पाठ करून आपण ते विसरतो. पण हाच नियम भीतीलाही लागू आहे. मोटारसायकलच्या आवाजामागून काय येतं ते चिंगीला पक्कं कळलं होतं, आणि तिचं शरीर त्या आवाजालाच उत्तर देत होतं. आमच्या आठ हजार रुपयांत तिनं मन लावून शिकलेला धडा हा एवढाच.

ट्रेनरचं एक लाडकं वाक्य होतं, "घरात बॉस कोण ते तिला कळलं पाहिजे." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कुत्रा म्हणजे लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, तेव्हा मालकानं म्होरक्या व्हावं, असा तो युक्तिवाद. याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासात सापडतं. पण त्यांनी पाहिलेले लांडगे बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका आवारात डांबले तर ते भांडणारच. धर्मशाळेच्या एका खोलीत दहा अनोळखी कुटुंबं कोंबून त्यावरून घरसंसाराचे नियम काढण्यासारखं ते होतं. पुढे डेव्हिड मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समीअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांमध्ये काढले आणि १९९९ मध्ये मांडलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. म्होरक्या म्हणजे बाप किंवा आई, एवढंच. विशेष म्हणजे ती जुनी कल्पना लोकांपर्यंत पोचवण्यात मेक यांच्याच १९७० च्या पुस्तकाचा वाटा होता. ते पुस्तक आता छापू नका, अशी विनंती त्यांनी स्वतः प्रकाशकाला केली. आपलंच पुस्तक मागे घ्यायला निघालेला विद्वान मला फार मोठा वाटतो. आपल्या पार्किंगमध्ये मात्र ती मोडीत निघालेली समजूत अजून पट्टा वर खेचते आहे.

धाकानं कुत्र्याचं काय होतं, हे मोजूनही झालं आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुत्रे खाऊ आणि शाबासकी देऊन शिकवणाऱ्या वर्गांतले, काही हिसके आणि ओरडा वापरणाऱ्या वर्गांतले. दुसऱ्या गटात तणावाच्या खुणा जास्त दिसल्या आणि तासानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, अधिक वाढलेलं निघालं. त्याच अभ्यासातली आणखी एक चाचणी माझ्या मनात घर करून राहिली आहे. खोलीच्या एका बाजूचं भांडं नेहमी भरलेलं, दुसऱ्या बाजूचं नेहमी रिकामं, हे कुत्र्यांना शिकवलं. मग भांडं मधोमध ठेवलं. यात काही असेल की नसेल? सर्वात जास्त धाकात शिकलेले कुत्रे त्या भांड्याकडे जायला जास्त वेळ लावत होते. तास संपला, ट्रेनर घरी गेला, पट्टा खुंटीला लागला, तरी आपल्या वाट्याला काही चांगलं येईल ही आशा त्यांच्यात कमी झालेली होती. हे वाचल्यावर मला मागच्या बाकावरची काही तोंडं आठवली. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जावं, हा तिथला विचार होता. मूल चुकतं तेव्हा शिक्षकानं आपली पद्धत तपासावी, ही शिकवण आम्हा शिक्षकांपर्यंत त्याच वाटेनं आली. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी घातली, पण मनानं ती आधी घालणारी माणसं आपल्याच मातीत होऊन गेली. छडीनं विद्या येते ही समजूत आपण माणसाच्या पिल्लाबाबत मोठ्या कष्टानं सोडली. तीच समजूत कुत्र्याच्या पिल्लाबाबत मात्र पैसे मोजून घरी बोलावतो आहोत.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या ११ व्या कलमात मारहाण, यातना हे तर आहेच, पण कुत्र्याचा वेगळा उल्लेखही आहे. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवण्याची टाळाटाळ करणारा मालकसुद्धा त्या कलमाखाली गुन्हेगार ठरतो. किती घरांतल्या किती गॅलऱ्यांना हे लागू होईल, याचा ज्यानं त्यानं विचार करावा. मात्र पहिल्या गुन्ह्याला शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड. कित्येक दशकं तेच आकडे. आणि घरगुती कुत्र्याला शिकवण्यासाठी आपल्याकडे कोणता परवाना लागत नाही, कोणती परीक्षा नाही. ज्याच्या हाताला चार कुत्रे हिसकायची सवय झाली, तो ट्रेनर. वेल्समध्ये कुत्र्याच्या गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा घालण्यावर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे तो घरबसल्या मागवता येतो. म्हणून मी म्हणते, कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर सगळी जबाबदारी पट्टा ट्रेनरच्या हाती देणाऱ्या माणसावर येऊन पडते.

त्या ट्रेनरला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. त्याला काम बंद सांगायला मी खाली गेले तेव्हा भांडायच्या तयारीत होते. समोर चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, हातावर जुन्या चाव्यांचे व्रण. कुत्री विकणाऱ्या एकाच्या आवारात झाडलोट करता करता हे काम शिकलेला, रोज सकाळी नऊ घरं करणारा. मी वॉचमननं सांगितलेलं विचारलं. त्यानं नाकारलं नाही. म्हणाला, "मला असंच शिकवलंय मॅडम. आणि पंधरा दिवसांत फरक दिसला नाही तर लोक बंद करतात. तुम्हीच विचारलं होतं ना, किती दिवस लागतील?"

मी विचारलं होतं. अगदी पहिल्या फोनवर, दुसरा कोणताही प्रश्न विचारायच्या आधी.

आपण ट्रेनर कशासाठी बोलावतो, ते स्वतःशी खरं बोलून पाहिलं पाहिजे. बहुतेक घरांत कुत्र्याची तक्रार म्हणजे कुत्र्यावर ओढवलेल्या परिस्थितीची तक्रार असते. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला माणसं, आवाज, इतर प्राणी यांची ओळख झाली नाही तर पुढे ते जगाला बिचकतं, हे स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ मध्ये ग्रंथरूपानं मांडलं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असं आपल्याकडे २०१७ च्या नियमांत आहे. तरी महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून खोक्यात घालून आणलं जातं, कारण ते गोंडस दिसतं आणि मुलाचा वाढदिवस रविवारी असतो. बर्फात गाडी ओढायला घडवलेली जात दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येते. दिवसाचे नऊ तास ते पिल्लू एकटं असतं, वीस मिनिटं फिरतं, बाकी वेळ दाराकडे बघत बसतं. धनगराच्या कुत्र्याला कोणी शिकवणी लावत नाही. तो मेंढरांत वाढतो, दिवसभर चालतो, आणि आपलं काम काय आहे ते त्याला माहीत असतं. फ्लॅटमधल्या कुत्र्याला आपण काम दिलेलं नाही, सोबत दिलेली नाही, आणि त्याला वाचा फुटली की माणूस बोलावून ती बंद करून घेतो.

मग ट्रेनर लावूच नये का? लावावा. मी तर म्हणेन, कुत्रा आणायच्या आधीच त्याला बोलवावं आणि त्याच्या फीसाठी पैसे बाजूला काढून ठेवावेत. आमच्याकडे दुसऱ्यांदा जी मुलगी आली, तिचं काम मी जवळून पाहिलं आहे.

तिचं नाव आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवलं. फोनवर तिनं मलाच वीस मिनिटं प्रश्न विचारले. चिंगी दिवसात किती तास एकटी असते, किती झोपते, चावली तेव्हा कोण कुठे उभं होतं, आधी काय घडलं. मग म्हणाली, "मावशी, आधी डॉक्टरांकडून तिचे कान आणि कंबर तपासून घ्या. दुखत असेल तर माझा उपयोग नाही." तपासलं तर डाव्या कानात खोलवर जुनी जखम चिघळलेली. गळ्यात पडणाऱ्या पोराचा हात नेमका तिथेच दाबला गेला असणार. काही कारण नसताना चावली, असं आम्ही सगळ्यांनी म्हटलं होतं. दहा दिवस औषध घातलं, मग ती आली. येण्याआधी तिची अट एकच होती: "मी चिंगीला शिकवायला येणार नाही. तुम्हाला सगळ्यांना शिकवायला येईन. ज्या दिवशी सगळे घरात असाल तो वार सांगा."

पहिल्या शनिवारी ती आमच्या बैठकीच्या खोलीत खाली बसून राहिली. चिंगीकडे पाहिलंही नाही. चाळीस मिनिटांनी चिंगी पलंगाखालून निघाली, लांबून मान ताणून तिचा पाय हुंगला आणि परत गेली. "आजचं झालं," ती म्हणाली. मुलाला वाटलं, याचे पंधराशे रुपये? तिला ते चेहऱ्यावरून कळलं असावं. तिनं चिंगीचा पट्टा मागून घेतला, मुलाच्या मनगटाला बांधला, त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिली आणि मध्येच, काही न सांगता, हिसका दिला.

"अहो! काय झालं? मी काय केलं?" मुलगा चिडलाच.

"हेच तिलाही कळत नव्हतं," ती म्हणाली.

त्यानंतर मुलानं फीचा विषय काढला नाही.

दुसऱ्या वेळी तिनं आम्हाला वेगवेगळं उभं करून चिंगीला बोलवायला लावलं. मी म्हटलं, "ये गं." मुलगा म्हणाला, "कम." सून म्हणाली, "चिंगी, इकडे!" एका गोष्टीला तीन शब्द, आणि शिवाय 'ये' हा शब्द आम्ही दिवसभर एकमेकांशीही बोलतो. कुत्र्यानं ऐकलं नाही म्हणायचं, तर आम्ही नेमकं काय म्हटलं होतं? तिनं कागदावर आठ शब्द लिहून घेतले आणि फ्रीजवर चिकटवले. घरात येणाऱ्या प्रत्येकानं तेच वापरायचे, कामाच्या ताईंनीसुद्धा. शाळेत फळ्यावर मी जशी शुद्धलेखनाची यादी ठेवायचे, तशी ती यादी अजून तिथे आहे.

बेलचा प्रश्न तिनं असा सोडवला. आधी बेलचा आवाज फोनवर घेऊन अगदी बारीक वाजवला, ऐकू येईल न येईल इतका. त्या क्षणी पनीरचा तुकडा. क्षणी म्हणजे खरंच क्षणी. चार सेकंदांनी दिला तर शाबासकी कशाची ते कुत्र्याला कळत नाही. हळूहळू आवाज मोठा. मग आमची जुनी सतरंजी दारापासून दहा फुटांवर अंथरली. बेल वाजली की सतरंजीवर जाऊन बसलं तर पनीर. नंतर खालच्या वाण्याचा मुलगा एका रविवारी चाळीस वेळा वर आला आणि चाळीस वेळा बेल दाबून गेला. एकविसाव्या बेलला चिंगी भुंकत दाराकडे धावली. मी सवयीनं "ए!" म्हणून ओरडले. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "मावशी, आपण घाई केली. दोन पायऱ्या मागे जाऊ." ती 'आपण' म्हणाली. चुकलं त्याचा वाटा तिनं स्वतःकडे घेतला, मला दिला, कुत्रीला दिला नाही. चांगल्या शिक्षकाची ही खूण मी आयुष्यभर शोधत आले होते.

चार महिन्यांत ती सहा वेळा आली. नऊ हजार रुपये झाले. बाकीचं रोजचं काम आम्ही केलं, दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं. चिंगी आजही फटाक्यांना भिते. लिफ्टमध्ये उंच माणूस शिरला की अजून माझ्यामागे सरकते. हे पूर्ण जाईल असं त्या मुलीनं कधी म्हटलं नाही. हमी देणाऱ्याला कामावर ठेवू नका, असं मात्र तिनं जाताना सांगितलं. जिवंत प्राण्याची हमी कोणी द्यावी?

मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढणारा पोलिसांचा कुत्रा झंजीर अनेकांना आठवत असेल. तो पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. पोलिसांचा कुत्रा एकटा शिकून येत नाही. त्याच्यासोबत त्याचा हॅण्डलर महिनोन्‌महिने शिकतो, कारण खरं काम त्या दोघांच्या समजुतीनं व्हायचं असतं. इतकं कठीण काम करणाऱ्या कुत्र्याबाबत जे पोलीस खात्याला कळतं, ते आपल्याला घरच्या कुत्र्याबाबत कळू नये? तरी 'महिनाभर आमच्याकडे सोडा, शिकवून परत देतो' अशा जाहिरातींना आपण भुलतो. कुत्रा महिन्यानं परत येतो, त्या माणसाचं ऐकायला शिकलेला. घर तेच, घरातली माणसं तीच, शब्द तेच तीन-तीन. आणि त्या महिन्यात कुंपणाआड काय झालं ते सांगायला वॉचमनही नसतो.

ट्रेनर शोधणाऱ्याला मी आता एकच प्रश्न विचारायला सांगते: "कुत्र्यानं ऐकलं नाही, तर तुम्ही काय करता?" उत्तरात पट्ट्याचा हिसका, विजेचा झटका, उपाशी ठेवणं किंवा 'जरा कडक व्हावं लागतं' असं काही आलं, तर पुढे बोलायचं कारण नाही. 'मी लांब जाऊन पुन्हा सोपं करून सांगतो' असं काही आलं, तर त्याला चहा द्या आणि बसवून घ्या. 'तुम्ही समोर नको' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जे मालकासमोर करता येत नाही, ते कुत्र्याला करायचं नाही. चावणाऱ्या कुत्र्याला तरी धाक हवाच, असं पुष्कळ जण सांगतील. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की कोणत्याही कुत्र्यासाठी, आक्रमक कुत्र्यासाठीसुद्धा, शाबासकीवर आधारलेली पद्धतच वापरावी. चिंगीच्या बाबतीत मी त्याची दोन्ही टोकं पाहिली आहेत.

त्या पहिल्या ट्रेनरला मी त्या मुलीचा नंबर दिला. तो गेला की नाही मला माहीत नाही. मी ज्या दोन घरांना त्याचा नंबर दिला होता, तिथे मात्र स्वतः जाऊन, बसून, सगळं सांगितलं. एका घरानं ऐकलं. दुसऱ्या घरातल्या बाई म्हणाल्या, "पण आमचा आता एकदम शांत झालाय हो." मी त्यांना त्यांच्या पलंगाखाली बघून घ्यायला सांगितलं.

गेल्या आठवड्यात दुपारी मी चिंगीला फणी करत होते. मानेवरून फणी डाव्या कानामागे नेली तशी ती थबकली, डोळ्याची कड पांढरी झाली आणि तिच्या गळ्यातून तो आवाज आला. खोल, बारीक, दीड वर्षानंतर पहिल्यांदा. ती माझ्यावर गुरगुरत होती. मी फणी खाली ठेवली, हात मागे घेतला आणि तिच्यापासून हातभर सरकून बसले. थोड्या वेळानं ती स्वतःच आली आणि मान माझ्या मांडीवर टेकली. उजेडात केस बाजूला करून पाहिलं तर कानामागे एक टपोरी गोचीड चिकटलेली होती.